आवाज आला, शब्द नाही आले: चाळीच्या चौकात कॉर्डलेस माइक आणि ट्रॉली स्पीकर कसा लावावा

गेल्या वर्षी आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची सभा चौकात भरली. मंडपवाल्याकडून दोन मोठाले स्पीकर आणले होते. आवाज इतका की तिसऱ्या मजल्यावरची भांडी हलत होती. सभा संपवून वर आले तर सासूबाईंनी विचारलं, "अगं, खोली किती फुटांची देणार म्हणाले? चारशे सात की चारशे साठ?"

मी पुढच्या रांगेत होते, मला 'साठ' ऐकू आलं होतं. शेजारच्या काकू ठामपणे 'सात' म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं तेव्हा नळावर हाच विषय. निम्मी चाळ सातवाली, निम्मी साठवाली. त्रेपन्न चौरस फुटांचा फरक. परळमध्ये त्रेपन्न फूट म्हणजे ओटा, मोरी आणि वर देवघराची जागा. आयुष्यभर दहा बाय बाराच्या खोलीत राहिलेल्या माणसांना आपल्या घराचा आकडाच कळला नाही, आणि तोही एवढ्या मोठ्या आवाजात सांगून. सासूबाई म्हणाल्या, "आवाज आला गं, शब्द नाही आले."

मी महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं. श्रुतलेखन घालताना शेवटच्या बाकावरच्या मुलाला 'श' आणि 'स' वेगळे ऐकू आलेच पाहिजेत, ही माझी जन्माची सवय. त्या सभेनंतर आम्ही वर्गणी काढून चाळीचा स्वतःचा ट्रॉली स्पीकर घेतला, म्हणजे चाकांवर ओढत न्यायचा, बॅटरीवर चालणारा, सोबत कॉर्डलेस म्हणजे बिनवायरचा माइक असलेला. तेव्हापासून सभा, हळदीकुंकू, गणपती, सत्यनारायण, सगळ्याला तो मीच लावते. चाळीत, सोसायटीत, भजनी मंडळात किंवा ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ज्यांच्या गळ्यात हे काम पडतं, त्यांच्यासाठी मला जे जमलं ते लिहिते आहे.

घेताना

प्रभादेवीहून स्लो लोकल पकडली आणि ग्रँट रोडला उतरले. तिथून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण लॅमिंग्टन रोड म्हटल्याशिवाय कुणी दिशा दाखवत नाही.

खोक्यावर पाच हजार, दहा हजार वॉट असं छापलेलं दिसलं तर तिकडे बघू नका. तो पीएमपीओचा आकडा, क्षणभराच्या कमाल धक्क्याचा म्हणून छापतात, आणि तो काढायची एकच अशी ठरलेली पद्धत नाही. 'आरएमएस किती?' हे विचारा. सतत काम करताना स्पीकर खरोखर किती ताकद देतो, ते त्यावरून कळतं. बोलण्यासाठी, शंभरेक माणसांच्या चौकाला, ३० ते ५० वॉट आरएमएस पुष्कळ होतात. आमचा ४० चा आहे आणि मी तो अर्ध्याच्या वर कधी नेलेला नाही.

दुकानदार लगेच ढोल असलेलं गाणं लावून दाखवतो. तुम्हाला गाणं ऐकायचं नाही, बोलणं ऐकायचं आहे. माइक हातात मागून घ्या. मी पिशवीतून त्या दिवशीचं वर्तमानपत्र काढलं, दुकानातल्या मुलाच्या हातात दिलं आणि बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिले. टॅक्सीचे हॉर्न, हातगाडीवाल्यांच्या हाका, त्यात त्याने वाचलेले बाजारभाव मला कळतात का, एवढंच बघितलं. तीन स्पीकर नापास झाले. चौथा घेतला.

माइकचा आवाज, इको (घुमणारा प्रतिध्वनी), बास (जाड, खालचा आवाज) आणि ट्रेबल (बारीक, वरचा आवाज) यांची बटणं वेगवेगळी असावीत. सगळं एकाच बटणात कोंबलेलं यंत्र घेऊ नका. दोन कॉर्डलेस माइक मिळत असतील तर दोघांची फ्रिक्वेन्सी, म्हणजे ज्या रेडिओलहरीवर ते चालतात ती, वेगळी असल्याची दुकानातच खात्री करा, दोन्ही एकदम चालू करून. फ्रिक्वेन्सी एकच असेल तर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि नुसती खरखर ऐकू येते. माइक यूएचएफ, म्हणजे व्हीएचएफपेक्षा वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारा, असेल तर बरं. आमच्या जुन्या भजनी मंडळाचा व्हीएचएफ होता. गणपतीत पलीकडच्या मंडळाच्या सूचना आमच्या स्पीकरमधून यायच्या, हरवलेल्या मुलाच्या नावासकट. आणि वायरच्या माइकचं भोक हवंच. कॉर्डलेस ऐन वेळी दगा देतो तेव्हा साधा वायरचा माइक अब्रू राखतो.

वजन उचलून बघा. चाकं सपाट जमिनीवर चालतात, चाळीच्या लाकडी जिन्यावर नाही.

आदल्या रात्री

स्पीकर चार्जिंगला लावायचा, दिवा पूर्ण भरल्याचा रंग दाखवेपर्यंत. सभेच्या दिवशी दुपारी आठवण झाली तर उशीर झालेला असतो. बऱ्याच ट्रॉली स्पीकरमध्ये बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, स्कूटरच्या बॅटरीची धाकटी बहीण. ती रिकामी पडून राहिली की मरते. कार्यक्रम असो वा नसो, महिन्यातून एकदा चार्ज करायची. मी संकष्टीचा दिवस धरला आहे, म्हणजे चुकत नाही.

कार्यक्रम चालू असताना चार्जर शक्यतो काढून ठेवा. आमच्या यंत्रात चार्जिंग चालू असताना मागे सतत घुंई असा आवाज येतो, आणि हळू बोलणाऱ्या माणसाचा अर्धा शब्द त्यात बुडतो.

माइकमध्ये सेल नवे घाला. स्वस्तातले साधे सेल तासाभरात ढेपाळतात, अल्कलाइन टिकतात. चार्ज होणारे सेल वापरायचे असतील तर एक लक्षात ठेवा, त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो. काही माइक त्यावर सुरुवातीपासूनच सेल संपल्याचा लाल दिवा दाखवतात. घरी तासभर चालवून बघा, मगच त्यांच्या भरवशावर बसा.

जागा

सगळं काम इथे होतं. बटणं नंतर.

आमचा चौक साधारण २० मीटर लांब आणि ११ मीटर रुंद आहे. चारी बाजूंना भिंती, वर गॅलऱ्या. पूर्वी स्टेज चौकाच्या एका टोकाला घालायचे आणि खुर्च्यांच्या रांगा लांबीच्या दिशेने, पार दुसऱ्या टोकापर्यंत. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरच्या भिंतीवर आपटून परत येईपर्यंत त्याचे ४० मीटर होतात, म्हणजे सेकंदाचा साधारण नववा भाग. ऐकायला एवढासा वाटतो, पण 'साठ' हा शब्द त्याच्या आत सापडतो. 'सा' हा लांब आणि जोरकस, 'ठ' आखूड आणि नाजूक. तोंडातून 'ठ' निघतो त्याच वेळी मघाचा 'सा' भिंतीवरून परत येतो आणि 'ठ'वर बसतो. ऐकणाऱ्याला शेवटी जीभ कुठेतरी आपटली एवढंच कळतं. ते 'त' की 'ठ', हे तो आपल्या मनाने ठरवतो. आवाज वाढवला की भिंतीवरून परत येणारा 'सा'ही तेवढाच वाढतो. त्या सभेत नेमकं हेच झालं होतं.

आम्ही बाजू बदलली. आता बोलणारा लांब बाजूच्या मधोमध, पाण्याच्या टाकीला पाठ करून उभा राहतो आणि खुर्च्या त्याच्यासमोर अर्धगोलात. सर्वांत लांबचा माणूस आता १२-१३ मीटरवर असतो, पूर्वी तो १८ वर असायचा. समोरची भिंत जवळ आली, त्यामुळे तिच्यावरचा आवाज फार मागे रेंगाळत नाही. तिला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांना तर मूळ आवाज आणि भिंतीवरचा आवाज जवळजवळ एकदमच पोचतो, तो उलट मदतच करतो. नुसत्या खुर्च्या फिरवल्या, एक पैसा लागला नाही, आणि सासूबाईंना पहिल्यांदा सभेचा हिशोब कळला.

समोरच्या गॅलरीच्या कठड्यावर गोधड्या टाकायला सांगा. जाड, जुन्या साड्यांच्या, चांगल्या वजनदार. उघडी भिंत आवाज जसाच्या तसा परत फेकते, गोधडी बराचसा गिळते. मी सभेच्या आधी पहिल्या मजल्यावरच्या सहा खोल्यांत सांगून येते, "आज गोधड्यांना ऊन द्या गं, आणि सभा संपेपर्यंत काढू नका." आता सगळ्याजणी न सांगता टाकतात.

स्पीकर जमिनीवर ठेवू नका. पहिल्या रांगेतल्या माणसांच्या पोटात आवाज शिरतो आणि मागच्यांना नुसतं गुरगुरणं पोचतं. च, स, श, ठ हे बारीक आवाज सरळ रेषेत जातात, वाटेत माणूस आला की तिथेच थांबतात. बऱ्याच स्पीकरच्या खाली स्टँडच्या दांड्याचं भोक असतं, स्टँड असेल तर उत्तम. आमच्याकडे लोखंडी स्टूल आहे, त्यावर स्पीकर. त्याचं तोंड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर आलं पाहिजे. मागच्या बाजूला खाली पाटाचा तुकडा सरकवून तोंड किंचित खाली कलवा, शेवटच्या रांगेकडे बघत असल्यासारखं. नाहीतर अर्धा आवाज वरच्या गॅलऱ्यांत जातो. चाकांचा स्पीकर स्टुलावर ठेवताना सुतळीने बांधाच. चौकात पोरं धावतात.

अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज सहा डेसिबलने (डेसिबल हे आवाज मोजायचं माप) पडतो. स्पीकर पहिल्या रांगेपासून दोन मीटरवर आणि शेवटची रांग सोळा मीटरवर असेल, तर दोघांच्या ऐकण्यात १८ डेसिबलचं अंतर. मागच्यांसाठी वाढवलं की पुढचे कान झाकतात. स्पीकर उंचावला आणि मागच्यांकडे रोखला की हे अंतर बरंच कमी होतं. तरी मागे कमी पडलं तर आवाज वाढवायच्या आधी माणसं पुढे बोलवा. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी पहिली रांग रिकामी असते. आता ऐकू कमी येणाऱ्यांच्या खुर्च्या मी स्वतः पुढे मांडते, नाव घेऊन, हाताला धरून बसवते.

स्पीकर कोपऱ्यात सारू नका. दोन भिंतींच्या बेचक्यात तो जास्त घुमतो.

आणि स्पीकर नेहमी बोलणाऱ्याच्या पुढे हवा, बाजूला दोन-तीन पावलं सरकून. बोलणाऱ्याच्या पाठीमागे कधीही नको. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला की तो पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणि हे चक्र वाढत जाऊन ती कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. बहुतेक हातातले माइक समोरचं जास्त घेतात आणि पाठीमागचं कमी. म्हणून माइकचं तोंड आपल्याकडे आणि शेपूट स्पीकरकडे, असं राहू द्या.

चालू करताना

आधी सगळे आवाज शून्यावर. मग स्पीकर चालू. मग माइक चालू. मग हळूहळू आवाज वर. बंद करताना उलटं, म्हणजे आधी आवाज शून्य, मग माइक, मग स्पीकर. असं केलं की 'धप्प' होत नाही. पहिल्या रांगेत तान्ही बाळं असतात.

इको शून्यावर. कराओकेसाठी तो ठीक आहे, आकड्यांसाठी वैरी आहे. चौकात भिंतींचा इको असतोच, वरून यंत्राचा कशाला? बास बराच खाली, ट्रेबल मध्याच्या थोडं वर. जवळून ऐकलं तर आवाज पातळ, कोरडा वाटेल. "ताई, भरदार नाही वाटत हो," असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. मागे जाऊन ऐका.

आता परीक्षा. 'हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री' म्हणून काही कळत नाही, कारण ते शब्द सगळ्यांना पाठ आहेत. अर्धे ऐकू आले तरी पूर्ण वाटतात. मी श्रुतलेखन घालते. शेवटच्या रांगेत एका मुलाला वही-पेन्सिल देऊन बसवते आणि माइकवरून नेहमीच्या आवाजात दहा शब्द सांगते: सात, साठ, आठ, पाच, पाट, चाळ, शाळा, साळ, तास, ताट. एकदाच सांगायचे, दोनदा नाही. मग वही मागवून घेते. दहातले नऊ बरोबर आले तर सभा सुरू. सातच आले तर आधी ट्रेबल थोडा वर, मग स्पीकरचं तोंड फिरवून बघते, आणि सर्वांत शेवटी आवाजाचं बटण. पहिल्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा आता हे काम हक्काने मागून घेतो. एकदा त्याने 'शाळा'च्या जागी 'साळा' लिहिलं. चूक त्याची नव्हती, माइकच्या जाळीत वर्षभराची थुंकी आणि धूळ बसली होती. जाळी फिरवून काढली, आतला स्पंज कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवला, दुसऱ्या दिवशी 'शाळा' आली. माइकच्या आतल्या भागाला मात्र पाणी लागू द्यायचं नाही, जाळी आणि स्पंजच तेवढे धुवायचे.

रिकाम्या चौकात परीक्षा घेतली तर माणसं बसल्यावर पुन्हा एकदा कान द्या. माणसांचे कपडे आवाज पितात आणि कुजबुज वाढते.

माइक धरायचा कसा

हे शिकवायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण हे यंत्राला नाही, माणसांना शिकवायचं असतं.

चार बोटं. तोंड आणि जाळी यांच्यात आपली चार बोटं आडवी मावतील एवढं अंतर. हळू बोलणाऱ्याने दोन बोटं. त्याहून लांब नेलात तर तुमचा आवाज पडतो आणि चौकाचा गोंधळ माइकमध्ये शिरतो. मग कुणीतरी धावत येऊन आवाज वाढवतो, की शिट्टी. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक शिट्ट्यांचं मूळ पोटाशी धरलेला माइक हेच होतं.

माइक ओठांच्या अगदी समोर नको, हनुवटीच्या बाजूने किंचित तिरका. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो, तो सरळ जाळीवर आदळला की 'भक्‌' होतं. 'परमपूज्य' किंवा 'भगिनींनो' एकदा समोर धरून आणि एकदा तिरका धरून म्हणा, फरक लगेच कळेल.

जाळीवर मूठ आवळू नका. गाणारी मुलं टीव्हीवर बघून तशी धरतात. जाळीच्या मागच्या फटी झाकल्या की माइकला दिशा उरत नाही, तो चहूकडचं घेऊ लागतो आणि शिट्टी वाजते. मजा अशी की शिट्टी वाजल्यावर घाबरून माणूस पहिल्यांदा जाळीच झाकतो आणि ती आणखी वाढते. तसंच कॉर्डलेस माइकच्या बुडाशीही धरू नका. बऱ्याच माइकचा अँटेना तिथे असतो, तळहाताने झाकला की मध्येमध्ये आवाज तुटतो. माइक मध्यावर धरा.

मान वळवली की माइकही वळला पाहिजे. आमचे तळमजल्यावरचे काका सेक्रेटरी आहेत. ते आकडा वाचताना खाली कागदाकडे बघायचे आणि माइक समोरच्या हवेत राहायचा. नेमका आकडाच हवेत जायचा. मी त्यांना सांगितलं, "काका, कागद वर धरा, माइकच्या मागे." आता ते कागद छातीच्या उंचीवर धरून वाचतात. आकडे दोनदा सांगायची सवयही आम्ही लावून घेतली आहे, एकदा सलग आणि एकदा सुटे करून: "चारशे साठ. चार, सहा, शून्य." सातचा घोळ यात राहूच शकत नाही.

प्रश्न विचारणाऱ्याला दुसरा माइक द्या. मागून कुणी तोंडी प्रश्न विचारतो, स्टेजवरचा उत्तर देतो आणि बाकीच्यांना प्रश्नच कळलेला नसतो. माइक घेऊन फिरणारा एक माणूस ठरवून ठेवा. त्याने स्पीकरच्या तोंडासमोरून जायचं नाही, मागून वळसा घालायचा. ज्याचं बोलून झालं त्याचा माइक लगेच बंद.

शिट्टी वाजलीच तर एकच करायचं: माइक स्पीकरपासून लांब न्या किंवा आवाज खाली घ्या. दोन्ही जमत नसेल तर माइकचं बटण बंद. जाळीवर टकटक करू नका, फुंकर मारू नका. फुंकर मारून आत ओल जाते, कळत काहीच नाही.

कॉलर माइक, भजन, आरती

हळदीकुंकवाला पाककृती दाखवायची होती, दोन्ही हात कामात, म्हणून कॉलर माइक आणला. कपड्याला लावायचा तो चिमुकला. हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मध्यावर लावतात. पुरुषांच्या सदऱ्याला ठीक. साडीवर लावला तर दर वाक्याला खडखड. पाच मिनिटांनी कळलं, मंगळसूत्राच्या वाट्या आपटत होत्या. पदराच्या घडीवर, खांद्याकडे सरकवून लावला आणि मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घेतलं, तेव्हा थांबलं. कडक सुती किंवा रेशमी पदर माइकवर घासला तरी सरसर ऐकू येते, म्हणून तिथे पदराला पिन हवी. हा माइक तोंडापासून लांब असल्यामुळे शिट्टीला लवकर बळी पडतो. तो लावून स्पीकरच्या जवळून जायचं नाही.

वर्गात शिकवणाऱ्या बायांना माझा सल्ला कमरेला बांधायच्या छोट्या स्पीकरचा. नोकरीची शेवटची चार वर्षं मी तो वापरला. रूळांच्या बाजूचा वर्ग, दर दोन-तीन मिनिटांनी लोकल, आणि घसा बसून डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती सांगितलेली. त्याचा डोक्याला लावायचा माइक ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा, श्वासाच्या समोर नाही. हा स्पीकर घेतला नसता तर मला आधीच निवृत्ती घ्यावी लागली असती. ज्या मुली आता शाळेत नव्याने लागतात त्यांना मी पहिल्या पगारात तोच घ्यायला सांगते.

भजनात टाळ सगळं खाऊन टाकतात. माइक फक्त मुख्य गायिकेला द्या आणि टाळकरी तिच्या पाठीमागे नको, बाजूला दोन-तीन पावलं बसवा. पेटीला वेगळा माइक लागत नाही, ती आपली आपण पोचते.

मोबाइलवरून आरती लावायची तर ब्लूटूथ चालतं, पण आधी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून मग ब्लूटूथ चालू करा. आमच्याकडे सुखकर्ता चालू असताना बँकेचा कर्जाचा फोन चौकभर वाजला होता. पलीकडच्या इमारतीतल्या मुलांच्या फोनने स्पीकर पकडू नये म्हणून गाणी नसतील तेव्हा ब्लूटूथ बंद ठेवा. आणि ब्लूटूथने जोडायच्या माइकवर सभा घेऊ नका. त्यात बऱ्याचदा आवाज तोंडाच्या जरा मागून येतो. स्वतःचंच बोलणं उशिरा ऐकू आलं की माणूस अडखळतो.

शेजार आणि वेळ

आमच्यापासून केईएम, टाटा आणि वाडिया ही इस्पितळं हाकेच्या अंतरावर आहेत. टाटाला आलेले बाहेरगावचे लोक आजूबाजूच्या फुटपाथवर रात्र काढतात. त्यांच्यासमोर स्पीकर लावताना माझा हात आपोआप हलका होतो.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो वाजवायचा नाही. सणासुदीला राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचं १०० मीटरचं आवार असं क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतं. आपली जागा कशात येते ते पोलीस ठाण्यात अर्ज द्यायला जाल तेव्हाच विचारा, दोन-चार दिवस आधी. मोबाइलवरच्या डेसिबल मोजायच्या अ‍ॅपवर पैज लावू नका, पण अंदाज येतो. मी चौकाच्या दरवाजाबाहेर उभी राहून बघते. शब्द बाहेर स्पष्ट कळत असतील तर आत गरजेपेक्षा जास्त आहे.

दुसऱ्या मजल्यावर रात्रपाळी करणारे एक जण आहेत. दुपारची सभा असली की मी आदल्या दिवशी त्यांच्या दारावर वेळ लिहून लावते. स्पीकर त्यांच्या खिडकीकडे पाठ करून ठेवते.

आवरताना

पावसाळ्यात स्पीकरवर प्लास्टिक टाकायचं ते फक्त नेताना-आणताना. चालू असताना मागची जाळी झाकली तर आतलं तापतं. भिजला असेल तर चालू करून बघायचा मोह आवरा, दोन दिवस पंख्याखाली ठेवा.

माइकमधले सेल काढा, दर वेळी, कार्यक्रम उद्या परत असला तरी. दिवाळीपासून तसेच राहिलेले सेल संक्रांतीला पाझरलेले निघाले आणि एका माइकची स्प्रिंग हिरवी पडून तुटली. आता सेल, माइक, जाळीचा जादा स्पंज, पदराच्या पिना आणि श्रुतलेखनाची वही, सगळं एका लाडूच्या डब्यात असतं. डब्याच्या झाकणावर शेवटच्या चार्जिंगची तारीख लिहिलेली पट्टी. डबा आमच्या कपाटात खालच्या कप्प्यात, स्पीकर दाराच्या मागे. चाळीतल्या कुणालाही हवा असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगावं, म्हणजे रात्री चार्जिंगला लावून ठेवते.